कानोबाच्या चोवीस डब्या

वायरीला गाठ होती, ती मी सोडवली. एवढंच केलं. पण माझ्या हातून झालेलं प्रत्येक नुकसान 'एवढंच केलं' याच सदरात मोडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रविवारची दुपार होती. कानोबाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तळहाताएवढी एक पट्टी होती आणि तिच्यावर त्यानं आठवडाभर खपून जोडलेलं सर्किट होतं. शेजारी एक छोटी मोटार पाटाला सुतळीनं करकचून बांधलेली. सुटून पळू नये म्हणून. खाली फरशीवर स्कूटरची जुनी बॅटरी. कानोबा हात धुवायला मोरीत गेला आणि जाताना म्हणाला, "तेवढी बॅटरी जोडून ठेव, मी आलोच."

बॅटरीकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी काळ्या होत्या. कानोबा हाताला येईल ती वायर वापरतो, रंगाबिंगाचे लाड करत नाही. त्यातल्या एका वायरीच्या टोकाला घट्ट गाठ. मी पडलो स्टोअरकीपर. चौदा वर्षं वस्तू नीट लावून ठेवायची नोकरी केल्यावर गाठ दिसली की माणसाला राहवत नाही. आधी नखांनी, मग दातांनी, मी ती सोडवली आणि वायर बोटांवरून ओढून छान सरळ केली. आता माझ्या हातात दोन हुबेहूब सारख्या वायरी होत्या. म्हणजे बरोबर जोडण्याची शक्यता निम्मी. ही निम्मी शक्यता माझ्या वाट्याला जन्मात आलेली नाही.

'फट्' असा आवाज झाला. फार मोठा नाही, कुणीतरी दोन बोटं वाजवावीत तेवढा. मग धूर आला आणि मग तो वास, जो एकदा नाकात गेला की दोन दिवस जेवणात येतो. वहिनींनी, म्हणजे कानोबाच्या बायकोनं, धावत जाऊन गॅस बंद केला. त्यांना वाटलं दूध लागलं.

कानोबा टॉवेलला हात पुसत आला. त्यानं सर्किटकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

"गाठ कुठाय?"

"सोडवली."

"का?"

"गुंता वाटला."

"अरे, ती गाठ म्हणजे प्लस! चाळीस वर्षं माझ्या प्लसला गाठ असते. आमच्या हिलासुद्धा माहीत आहे."

"मला माहीत आहे," वहिनी गॅसजवळून म्हणाल्या, "कारण मी पण एकदा सोडवली होती."

वहिनींच्या या एका वाक्यामुळे मी त्या दिवशी वाचलो. पण सर्किट वाचलं नाही, आणि जळलेले सुटे भाग पुन्हा मिळवण्यात कानोबाचा एक अख्खा आठवडा गेला. हा आठवडा कुठल्या हिशोबातून गेला ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

कानोबा हे त्याचं नाव नव्हे. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं. शिवणाच्या दोऱ्याची रिळं भरण्याच्या आमच्या कारखान्यात तो एकतीस वर्षं इलेक्ट्रिक मिस्त्री होता, आणि हे नाव त्याला पडलं त्याच्या कानावरून. त्याच्याकडे लाकडी मुठीचा एक लांबलचक स्क्रू ड्रायव्हर होता. त्याचं टोक चालत्या मोटारीला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. आजूबाजूला कुणी बोललं की भुवई चढायची. मग निकाल. "डाव्या अंगाचं बेअरिंग. पंधरा दिवस." पंधरा दिवसांचे सतरा झाले तर तो कारखान्यात चेष्टेचा विषय व्हायचा, पण अठरा कधी झाले नाहीत. गल्लीतली माणसं पंखे, पंप, मिक्सर घेऊन त्याच्या दारात उभी असत. एकाने तर छातीत धडधडतं म्हणून तपासायला सांगितलं होतं. कानोबानं तेही ऐकलं आणि म्हणाला, "मोटार ठीक आहे, जास्त खातोस."

वहिनी सांगायच्या, "पहिल्यांदा भेटलो तेव्हा यांनी माझं नाव नाही विचारलं. वर पंख्याकडे बघत बसले, आणि निघताना म्हणाले, याला तेल हवंय."

"हवंच होतं," कानोबा म्हणायचा.

तर आमच्या रीळखात्यात चोवीस मशिनं, दोन ओळींत. उंचावर खिडक्या, सिमेंटच्या भिंती, आणि प्रत्येक मशिनामागे स्टुलावर एक बाई. मोठ्या कोनावरचा, म्हणजे शंकूसारख्या गुंडाळीवरचा, दोरा छोट्या रिळांवर भरायचा. सुरुवात हळू करायची, मग वेग वाढवायचा. हा वेग कमी-जास्त करायला प्रत्येक मशिनाखाली चिनी मातीचा एक जाडजूड रेझिस्टन्स बसवलेला होता. तो मोटारीकडे जाणारी वीज अडवायचा आणि अडवलेल्या विजेची उष्णता करून बाईच्या गुडघ्यांना द्यायचा. शिवाय हळू वेगात मोटारीत दमच राहायचा नाही. ती अडायची, कुंथायची, मग एकदम उसळायची आणि दोरा तुटायचा. बाया दिवसभर गाठी मारत बसायच्या, आणि गाठीचं रीळ तपासणीत बाद व्हायचं.

मालक एका प्रदर्शनाहून परत आले ते चकचकीत पुस्तिका घेऊन. तयार बंद डब्या मिळतात, मोटारीचा वेग सांभाळतात, बिघडली की फेकायची आणि दुसरी लावायची. दुरुस्तीची भानगडच नाही. मालकांनी पुस्तिका कानोबापुढे धरली आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "तुमचेही साठ होत आलेच की."

कानोबानं पुस्तिका चाळली. "यात आहे ते मी बनवतो," तो म्हणाला. "एक महिना द्या. नाही जमलं तर या डब्या आणा आणि मला घरी पाठवा."

"आणि जमलं तर?"

"तर कोपऱ्यातलं ते दुरुस्तीचं बाकडं माझं. हात चालतायत तोवर."

मालकांनी मान डोलावली. म्हणजे एकीकडे चोवीस डब्या आणि दुसरीकडे ते बाकडं, असा तो महिना होता, आणि त्यातला एक आठवडा मी दातांनी सोडवला होता.

त्या डबीत काय असतं ते कानोबानं मला समजावून सांगितलं होतं. मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल.

"रेझिस्टन्स काय करतो? माणसाला अर्धपोटी ठेवून कामाला लावतो. हळू चालतो, पण ओझं उचलायला सांगितलं की बसतो. बरोबर?"

"बरोबर."

"मग अर्धपोटी ठेवायचं नाही. ताट पूर्ण वाढायचं. पण वाढायचं आणि ओढून घ्यायचं, वाढायचं आणि ओढून घ्यायचं. इतक्या झटपट, की ताट गेलं होतं हे त्याला कळूच नये. ताट समोर जास्त वेळ ठेवलं तर जोरात पळेल, कमी वेळ ठेवलं तर हळू चालेल. पण प्रत्येक घास पुऱ्या ताकदीचा. दोरा तुटणार नाही."

"तुमचं माझ्याशी बोलणं असंच आहे," वहिनी म्हणाल्या. "चालू-बंद, चालू-बंद. फक्त चालू फार थोडं."

ही उघडझाप करायला एक टायमरची आयसी, तिच्या तालावर वीज सोडणारा आणि तोडणारा एक मॉसफेट, वेगासाठी एक फिरवायची खुंटी. मॉसफेट तापू नये म्हणून त्याच्या पाठीला जुन्या खिडकीच्या ॲल्युमिनियमचा तुकडा. आणि मोटारीला समांतर एक डायोड, कारण वीज तोडली की मोटार उसळी मारते. "तिला परत फिरायला वाट ठेवावी लागते," कानोबा म्हणाला, "नाहीतर ती उसळी मॉसफेटच्या छातीत घुसते."

सगळं जमलं. उरला एकच प्रश्न. ही उघडझाप सेकंदाला किती वेळा करायची?

ते ठरवायला एक छोटा कॅपॅसिटर असतो. तो जितका लहान तितकी उघडझाप जलद. दुसऱ्या खेपेचं सर्किट तयार झालं तोही रविवारच होता, आणि महिन्याचे दोन दिवस उरले होते. या वेळी बॅटरीला त्यानं मला हात लावू दिला नाही. पहिला कॅपॅसिटर लावला तेव्हा मोटार घोरायला लागली. दुसऱ्याला भुंग्यासारखी गुणगुणली. तिसऱ्याला डास. कानोबा प्रत्येक वेळी स्क्रू ड्रायव्हर कानामागे लावायचा आणि मान हलवायचा, "बायांना दिवसभर हे ऐकवायचं नाही." चौथा लावला. त्यानं डोळे मिटले. मग चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी एकतीस वर्षांच्या नोकरीतल्या माणसाच्या चेहऱ्यावर एरवी पाहिलेलं नाही.

"गेला," तो म्हणाला.

पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलनं हिशोब केला. सेकंदाला बारा हजारांच्या आसपास.

त्याच्या फळीवर एक पिवळं पडलेलं पुस्तक होतं, ते मी उगाच उघडून वाचलं. "कानोबा, यात लिहिलंय, माणसाला वीस हजारांपर्यंत ऐकू येतं."

"पुस्तकाला कान असतात का?"

"तसं नाही, पण अजून थोडं वाढवलं तर?"

"प्रत्येक उघडझापीला मॉसफेट तापतो. उगाच पळवायचं नाही. आवाज गेला की थांबायचं." मग म्हणाला, "का रे? तुला काही येतंय का ऐकू?"

येत होतं. केसासारखा बारीक आवाज. कानामागून घुसून दाढेत उतरणारी एखादी सुई म्हणा. मी तेव्हा त्रेचाळीसचा होतो, कानोबा एकोणसाठचा. वहिनी म्हणाल्या, "मला तर काहीच येत नाही हो," आणि त्या खरं बोलत होत्या. कानोबाही खरं बोलत होता. वय झालं की वरचे आवाज आधी जातात, आणि जाताना सांगून जात नाहीत, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळत होतं की उद्या मालक बघायला येणार आहेत, एक आठवडा माझ्यामुळे आधीच गेलेला आहे, आणि ज्याच्या कानावर अख्ख्या गल्लीचे पंखे चालतात त्याला कान दाखवणारा मी कोण?

"छे!" मी म्हणालो. "चिडीचूप."

मालक आले, खुंटी फिरवली. मोटार कासवासारखी सुरू झाली आणि दोरा न तुटता वेगात गेली. मालकांनी कानोबाच्या पाठीवर थाप मारली, चोवीस करा म्हणाले. कानोबानं तीन आठवड्यांत चोवीस केल्या. एक नंबरवर बसणारी मावशी, कारखान्यातली सगळ्यात जुनी बाई, गुडघे चोळत म्हणाली, "कानोबा, तुझं भलं होवो. आज पहिल्यांदा पाय भाजले नाहीत." दोरे तुटायचे थांबले. ते बाकडं कानोबाचं झालं. त्यानं त्याच्या एका पायाखाली पुठ्ठा घालून डगडगही बंद केली. कायमचं राहायचं असलं की माणूस असलं काहीतरी करतो.

आठ दिवस सगळं छान होतं. म्हणजे कानोबाला, मावशीला आणि मालकांना छान होतं.

एका डबीची एक सुई. पण चोवीस डब्या सिमेंटच्या खोलीत एकदम सुरू झाल्या की काय होतं, ते मला स्टोअरच्या खिडकीतून कळत होतं. कुठलेही दोन कॅपॅसिटर अगदी सारखे नसतात, त्यामुळे प्रत्येक सुईचं टोक जरा वेगळं. त्या एकमेकींत घुसायच्या, वर-खाली व्हायच्या. मी खिडकी लावून घ्यायला लागलो. मला लावून घ्यायला खिडकी होती. रीळखात्यातल्या बायांना नव्हती.

नऊ नंबरच्या मशिनावर एक बाई होती, बावीस-तेवीसची, घरी वर्षाचं मूल, आणि जीभ अशी की सुपरवायझरसुद्धा तिच्या ओळीतून जाताना पाय उचलायचा. ती सरळ बाकड्यापाशी आली.

"काका, तुमच्या डबीतून शीळ येते. डोकं फुटतं."

कानोबा तिच्यासोबत गेला, स्क्रू ड्रायव्हर लावला, डोळे मिटले.

"कुठाय शीळ?"

"ही काय! आत्ता येतेय."

"मला येत नाही ती तुला येते? बेअरिंग सांग बरं कुठलं गेलंय यातलं?"

"बेअरिंग मला नाही कळत. शीळ कळते."

आजूबाजूच्या वयस्कर बाया हसल्या. तरण्या हसल्या नाहीत, पण बोलल्याही नाहीत. त्या रात्रपाळीची, नवऱ्याची, जागरणाची डोकेदुखी समजून गप्प होत्या. नऊ नंबरवाली स्टोअरवर आली. "भाऊ, कापूस द्या." मी दिला. दुसऱ्या दिवशी दोघी आल्या, तिसऱ्या दिवशी पाच. मशिनं पुसायचा कापूस होता तो. मी मात्र न विचारता, न लिहिता, मूठ-मूठ वाटत होतो आणि स्वतःला फार दयाळू समजत होतो.

कानात कापूस घालून काम करणाऱ्या बाया सुपरवायझरला दिसल्या. त्यानं भर खात्यात विचारलं, "कानोबा, एकदाच सांगा. डबीला आवाज आहे की नाही?"

"नाही."

"झालं तर."

गोष्ट इथं थांबली असती तरी चाललं असतं. पण कानोबाला तोंड होतं, आणि त्या दिवसांत त्याला आपल्या डब्यांवर कुणी बोट ठेवलेलं सहन होत नव्हतं. तो नऊ नंबरकडे बघत म्हणाला, "काम नको असलं की कानात शिट्ट्या वाजतात. माझी आत्तापर्यंत कुठली गोष्ट खोटी निघाली? मग खोटं कोण बोलतंय, ते बघा."

बाया हसल्या. मीही हसलो. अर्धवट हसलो, पण ते अर्धं कुणाला मोजता येतं?

त्या आठवड्यात नऊ नंबरवालीनं तीनदा मशीन मध्येच बंद केलं आणि डोकं धरून बसली. तिसऱ्या वेळी सुपरवायझरनं तिला घरी पाठवलं. कायमचं. चौकशी वगैरे काही नाही, गरजच नव्हती. कानोबाचा कान साक्षीला होता.

संध्याकाळी फाटकापर्यंत आम्ही बरोबरच चालत गेलो. कानोबा घुश्शात होता. "काय पोर आहे! स्वतःचं दुखणं माझ्या डबीवर ढकलते."

"हो ना," मी म्हणालो.

या 'हो ना'वर मी आयुष्यात बरीच पापं निभावून नेली आहेत.

चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती आली. स्टुलावरची तिची उशी राहिली होती, ती न्यायला. मशिनं बंद होती, बाया डबे उघडून बसल्या होत्या. तिनं उशी घेतली आणि दाराकडे न जाता बाकड्याकडे गेली.

"काका, मी खोटं बोलले नव्हते. एवढंच सांगायचं होतं."

कानोबानं घास खाली ठेवला. "सिद्ध करशील?"

"कसं करायचं ते सांगा."

तो उठला. नऊ नंबरचा पट्टा काढला, आणि खुंटी इतकी खाली आणली की मोटारीला वीज मिळेल पण ती फिरणार नाही. "आता फिरण्याचा आवाज नाही. बाकीची मशिनं बंद. बटणाची टकटकही नको, मी वायर हातानं टेकवतो आणि काढतो. तू भिंतीकडे तोंड कर. आणि सांग."

तिनं उशी छातीशी धरली आणि भिंतीकडे वळली.

"चालू," ती म्हणाली. कानोबानं वायर काढली. "बंद." टेकवली. "चालू." काढली. "बंद." मग त्यानं वायर टेकवल्यासारखं केलं, पण टेकवली नाही.

"बंदच आहे अजून, काका."

कुणीतरी हसलं. सातव्या वेळेपर्यंत हसणं चालू होतं. नवव्या वेळेनंतर डब्याच्या झाकणाचा आवाजसुद्धा आला नाही. बाराव्या वेळी कानोबानं वायर खाली ठेवली.

"अजून करा की," ती भिंतीलाच म्हणाली.

"पुरे."

मग तो मावशीकडे वळला. "तुम्हाला येतो आवाज?"

"नाही रे बाबा. मला वाटलं, पोरींची आपली थेरं."

"बाकी कुणाला येतो?"

आधी एक हात वर झाला. मग तीन. मग मी मोजायचं सोडलं. मी स्टोअरच्या दारात चहाचा कप घेऊन उभा होतो, आणि कप पिऊन संपला असूनही तोंडाला लावून होतो.

"तू ये इकडं," कानोबा म्हणाला.

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. चुना फासलेली भिंत, तिच्यात एक बिनकामाचा खिळा. मला प्रत्येक वेळ ऐकू येत होती. पहिल्या दोन बरोबर सांगितल्या. तिसऱ्या वेळी सुई दाढेत उतरली आणि मी म्हणालो, "बंद." विचार असा होता की स्टोअरकीपर अर्धा बहिरा निघाला तर कुणाचं काय बिघडतं? आणि अर्धवट ऐकू येणाऱ्या माणसाला, त्या रविवारी काय ऐकलंस, असं कोण विचारणार?

पाठीमागून आवाज आला, "मुद्दाम चुकलास."

"काय?"

"वायर टेकली की तुझी मान आखडते. तिन्ही वेळा आखडली. मागून दिसतं." मग हळू आवाजात, "घरी पण येत होता ना ऐकू?"

मी खिळ्याकडे बघत राहिलो. तो बाकड्याकडे गेला.

दुरुस्तीला दोन मिनिटं लागली. मुद्दाम घड्याळ बघितलं म्हणून सांगतो. खणातून आधीच्याहून लहान, तांदळाच्या दाण्याएवढा कॅपॅसिटर काढला, सोल्डरिंग तापवलं, जुना काढून नवा लावला. वायर टेकवून तिला विचारलं, "आता?"

"गेला."

"नक्की?"

"गेला, काका."

त्यानं स्क्रू ड्रायव्हर मोटारीला टेकवला, मूठ कानामागे लावली, आणि उभा राहिला. मघाशी जे ऐकू येत होतं तेच आत्ताही येत होतं त्याला, म्हणजे काहीच नाही. तरी बराच वेळ त्यानं तो कानावरून काढला नाही. मग मॉसफेटला बोट लावून बघितलं. कोमट होता. ज्या तापण्याच्या भीतीनं तो बारा हजारांवर थांबला होता ते तापणं एवढंच होतं.

"उद्यापासून ये," तो तिला म्हणाला. "सुपरवायझरला मी सांगतो."

"कशाला येऊ?"

"आवाज गेला ना?"

"आवाज गेला." तिनं उशी दुसऱ्या बगलेत घेतली. "पण ज्या बाया परवा मला हसल्या त्यांच्यातच बसायचं ना परत? शिवाय मशिनाचं काय, ते गप्प बसतं. तुम्ही बसत नाही." आणि ती गेली. दारात तिला कुणी अडवलं नाही. मावशीनं हाक मारण्यासाठी तोंड उघडलं आणि त्याच तोंडानं घास खाल्ला.

तरी कानोबा सुपरवायझरकडे गेलाच. दोष माझा, तिला बोलावून घ्या, म्हणाला. सुपरवायझर म्हणाला, "आता कशाला उकरून काढताय? नऊ नंबरला नवी बाई आली. आणि तुमच्या डब्या तर उत्तम चालल्यात."

उरलेल्या तेवीस डब्यांचे कॅपॅसिटर त्यानं दोन दिवसांत बदलले. मला हाक मारली नाही. मी नवे कॅपॅसिटर काढून खिडकीत ठेवले होते, ते त्यानं उचलले, सही केली. प्रत्येक डबी झाली की तो त्या मशिनावरच्या बाईला बोलवायचा आणि विचारायचा, "गेला?" ती मान हलवेपर्यंत झाकण लावायचा नाही. जिथं मावशीसारखी जुनी बाई होती तिथं शेजारच्या तरुण बाईला बोलवायचा. एकतीस वर्षं लोक त्याला विचारत होते. मी खिडकी उघडी ठेवून बघत होतो. आता ती उघडी ठेवायला हरकत नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्यानं राजीनाम्याचं तीन ओळींचं पत्र मालकांच्या टेबलावर ठेवलं. मालक खरोखरच गोंधळले. "अहो, बाकडं तुमचं म्हटलं होतं ना मी?"

"म्हटलं होतं."

"मग?"

"ऐकू येत नाही मला," कानोबा म्हणाला आणि जेवणाचा डबा उचलून निघाला. मालकांना वाटलं, आपला प्रश्न ऐकू आला नाही. त्यांनी तो मोठ्यानं पुन्हा विचारला.

महिनाभर मी त्याच्या घराकडे फिरकलो नाही. मग एका रविवारी गेलो. वहिनींनी दार उघडलं. "या भावोजी. आत आहेत. बोलतीलच असं नाही." दाराशी एकजण मिक्सर घेऊन उभा होता, त्याला त्यांनीच परत पाठवलं. "आता नाही करत ते." मिक्सरवाला माझ्याकडे असा बघत गेला की जणू घरात कुणी आजारी आहे.

कानोबा स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसला होता. टेबल पुसून लख्ख होतं, त्यावर काहीच नव्हतं. वहिनींनी दोन कप चहा ठेवला आणि बाहेर गेल्या. मी बोलत राहिलो. मालकांच्या नव्या गाडीचं सांगितलं, सुपरवायझरचा एक विनोद सांगितला, स्वतःची फजिती सांगितली, ज्यावर तो हमखास हसायचा. तो चहा पीत होता. माझी सगळी दुकानदारी बसली तेव्हा मला कळलं की मी भेटायला आलोच नव्हतो. मला निर्दोष सुटायचं होतं. महिनाभर मी मनात एकच युक्तिवाद घासूनपुसून ठेवला होता, आणि त्यावर फक्त त्याची मान हलायला हवी होती.

"कानोबा, एक विचारू? खरं सांगा. त्या दिवशी इथंच, या टेबलापाशी, मी म्हटलं असतं की मला आवाज येतोय, तर तुम्ही माझं ऐकलं असतं का?"

त्यानं कप खाली ठेवला. उत्तर त्याला सोपं नव्हतं, ते दिसत होतं.

"नसतं ऐकलं, पण सांगायचं होतंस."